तीन मिनिटांचं तळं

चेन्नईच्या पावसाचं सगळंच उलटं. तिकडे सांगलीला माझी आई छत्र्या वाळवून माळ्यावर टाकते, चकलीची भाजणी दळून आणते, आणि इथे तो बंगालच्या उपसागरावरून निघतो. तमिळ पंचांगातला ऐप्पसी महिना लागला की सकाळी उठल्या उठल्या घरोघरी एकच प्रश्न : आज शाळेला सुट्टी आहे का? कलेक्टर हा एरवी मुलांच्या खिजगणतीतही नसलेला माणूस, पण या दोन महिन्यांत ती देवाच्या आधी त्याचं नाव घेतात. पूर्वी सुट्टी म्हणजे सुट्टी असायची. आता सुट्टी जाहीर झाली की दहा मिनिटांत शाळेचा निरोप येतो, तास ऑनलाइन होतील म्हणून, आणि मुलांइतकाच माझाही चेहरा पडतो.

आजही आला. आठवी 'ब', तिसरा तास, सोशल. सोशल म्हणजे आपला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं एकाच टोपलीत. धडा पाण्याचा होता. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, कॉफीचा पेला बाजूला सरकवला आणि नकाशा उघडून बसले. बारा वर्षं शिकवते आहे. धड्याची भीती शिक्षकाला वाटू नये. मला या एका धड्याची वाटते.

चार पावसाळ्यांपूर्वी नव्हती वाटत. त्या वर्षी शाळेत भिंतभर स्मार्टबोर्ड आला होता आणि मला अगदी नव्याची नवलाई झाली होती. बोटानं ढकललं की हिमालय जवळ येतो, चिमटा उघडला की चोळांची राजधानी. आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी एका शनिवारी प्रशिक्षण ठेवलं, तिथे बाकीच्या बायका पाठीमागे बसून केळ्याचे वेफर्स खात होत्या आणि मी पुढे बसून वहीत लिहून घेत होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला होतं, पण ते मी भरलं नाही.

आंधळेपणानं मात्र मी काही वापरत नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. इंटरनेटवरचं काहीही वर्गात आणायचं तर माझे तीन प्रश्न ठरलेले : कुठून घेतलं? कधीचं आहे? कोण सांगतंय? मुलं ते आरतीसारखं एका सुरात म्हणायची. प्रत्येक चित्राखाली तीन ओळी लिहिल्याशिवाय मी सही करत नसे. 'मी सांगितलं तरी मानायचं नाही,' मी बजावून ठेवलं होतं, 'दाखवा म्हणायचं.' याचे परिणाम व्हायचे ते झाले. प्रिन्सिपल मॅडमनी सकाळच्या प्रार्थनेनंतर एका थोर माणसाचं वचन वाचून दाखवलं, तर आठवी 'ब'च्या रांगेतून आवाज आला, 'सोर्स, मॅडम?' एका मुलानं तर आजीला एकादशीच्या उपासाचा सोर्स विचारला आणि आजीनं त्याला सोर्स दाखवला, पाठीत. मी या गोष्टी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे. मला माझाच फार अभिमान वाटायचा.

त्या वर्गात कयल होती. सरकारी नियमानं खासगी शाळेत ज्या फुकट जागा असतात, त्यांतल्या एका जागेवर पहिलीपासून आलेली. दोन वेण्या घडी घालून लाल रिबिनीनं बांधलेल्या, तेल चप्प, आणि तोंड अखंड सुरू. लिहिण्यात जेमतेम, बोलण्यात पैकीच्या पैकी. पेरुंगुडीच्या पुढे जिथे आमची सहा इमारतींची सोसायटी आहे, तिच्या मागच्या बाजूला एक तळं होतं. इथे तळ्याला एरी म्हणतात. त्या एरीच्या काठावर साठेक पत्र्याची घरं होती, त्यातलं एक कयलचं. तिची अम्मा आमच्याच सोसायटीत बी ब्लॉकमध्ये तीन घरची भांडी करायची. म्हणजे कयल माझी विद्यार्थिनी आणि शेजारीणही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांचे पत्रे दिसायचे. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर टायर टाकलेले असायचे.

धडा पाण्याचाच होता. आकाशातून काढलेली आपल्या भागाची चित्रं इंटरनेटवरच्या नकाशात वर्षावर्षांची साठवलेली असतात आणि खाली एक पट्टी असते. ती मागे ओढली की वर्षं मागे जातात. मी पट्टी ओढली. वर्गात आधी शांतता, मग एकच गलका. मोठा रस्ता अरुंद झाला, मॉल विरघळला, ऑफिसांचे काचेचे डबे एकामागून एक नाहीसे झाले. 'मिस, आमचा ब्लॉकच नाही!' कुणीतरी ओरडलं. खरंच नव्हता. आमच्या सहा इमारतींच्या जागी ढग पसरले होते, आणि डोळे बारीक करून पाहिलं तर ढगांच्या फटीतून पाणी दिसत होतं. एरी तेव्हा आमच्या आवारापर्यंत होती. आमच्या लिफ्टच्या जागी, दूधवाला पिशव्या टाकतो त्या जागी, पाणी.

'म्हणजे मिस, आपण तळ्यात राहतो?'

'राहतो बहुतेक,' मी म्हणाले आणि सगळे हसलो. इतका जिवंत तास मी आयुष्यात घेतला नव्हता.

मग पट्टी पुन्हा पुढे आणली, आणि कयल उठून बोर्डापाशी आली. न विचारताच. 'हे आमचं घर!' तिनं बोट ठेवलं. दोन टायर आणि निळी ताडपत्री, वरून अगदी स्पष्ट दिसत होती. 'ती ताडपत्री अप्पानं मागच्या पावसात टाकली, मिस. हे बघा, हा आमचा नळ. इथे अम्मा कोलम काढते.' वरून रांगोळी काही दिसत नव्हती, पण तिला दिसत असावी. मी तिच्या हातात बोर्डाचं पेन दिलं आणि म्हणाले, 'खूण कर.' तिनं लाल रंग निवडला आणि आपल्या घराभोवती मोठा गोल काढला. जीभ दाताखाली धरून, सावकाश, नीट जुळवून. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तिचं घर जगाच्या नकाशावर आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. तो गोल मी जपून ठेवला.

त्याच सुमारास नवरात्र होतं. आमच्या मजल्यावर अंबुजाक्का राहतात, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, चाळीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी ऐकली की मला पणजीच्या पेटीचा वास आल्यासारखं होतं. त्यांच्याकडे नऊ पायऱ्यांचा गोलू असतो, म्हणजे बाहुल्यांची आरास, आणि खाली जमिनीवर पोरांसाठी मातीचं गाव. त्या गावात आरसा ठेवून तळं करतात, भोवती मेथी पेरून हिरवळ. कयल अम्माबरोबर सुंडल, म्हणजे प्रसादाची उसळ, न्यायला आली, तेव्हा अक्कांनी तिच्या हातात एक खेळण्यातलं घर दिलं, 'ठेव गे, तुला वाटेल तिथें.' तिनं ते आरशाच्या काठाला लावून ठेवलं. मग जरा विचार करून आमच्या इमारती म्हणून काड्यापेट्या उभ्या होत्या त्या उचलल्या आणि त्याही आरशावरच ठेवल्या. 'मिसनी दाखवलं,' ती अक्कांना म्हणाली, 'हे पण पाण्यात.' अक्का हसत सुटल्या. त्या नवरात्रात आलेल्या प्रत्येकीला त्यांनी ते तळ्यातलं अपार्टमेंट दाखवलं.

हे सगळं मी इतकं बारकाईनं का सांगते आहे, ते आता येईल.

शाळाशाळांची एक स्पर्धा होती : डिजिटल माध्यमातून आपला परिसर. तीन मिनिटांची फिल्म. आमच्या वर्गाकडे तर तयार खजिना होता. मुलांनी आवाज दिले, जुन्या माणसांशी बोलून आली, चित्राखाली तीन ओळी लिहिल्या. फिल्म झाली पाच मिनिटांची. नियम तीनचा. कापायचं काम मुलांवर कसं सोपवणार, म्हणून एका शनिवारी दुपारी, याच टेबलावर, मीच कापायला बसले.

काय काय काढलं ते मला पाठ आहे. मॉल काढला. माडांची रांग काढली. आणि आमच्या सोसायटीच्या जागी पाणी होतं, ते चित्र काढलं. मोठ्या बोर्डावर डोळे बारीक करून दिसलं होतं, पण फिल्मच्या छोट्या चौकटीत नुसते ढग. पांढरं. कुणाला काय कळणार? परीक्षकांना स्पष्ट चित्र लागतं. काठावरच्या पत्र्यांचं चित्र सुरेख, लख्ख उन्हातलं, त्यावर कयलचा लाल गोल. ते ठेवलं. एका बाजूला पाणी, काठाला पत्रे, आणि मुलीचा गोड आवाज : आपलं तळं लहान होत चाललं आहे.

ढगाळ होतं म्हणूनच काढलं, असं मी स्वतःला आजवर हजारदा सांगितलं आहे. ते खरंही आहे. पण ज्या चित्रात माझा स्वतःचा हॉल, माझं देवघर पाण्यात होतं, तेच नेमकं मला अस्पष्ट वाटावं, याला काय म्हणावं? मला खरंच सांगता येत नाही.

फिल्म सोमवारी वर्गात दाखवली. कयलनं आपला गोल पाहिला आणि शेजारणीला कोपर मारलं. मग हात वर केला. 'मिस, हे कोण कोण बघणार?'

'सगळे!' मी म्हणाले. कोण आनंदानं म्हणाले.

माझ्या तीन प्रश्नांत हा चौथा नव्हता.

दुसरं बक्षीस मिळालं. प्रिन्सिपल मॅडमनी फिल्म शाळेच्या चॅनेलवर टाकली. आणि मग तो पाऊस आला. तीन दिवस थांबला नाही. आमच्या तळघरात पाणी शिरलं, गाड्या दाराच्या हँडलपर्यंत बुडाल्या, लिफ्ट बंद, आणि सोसायटीच्या ग्रुपवर प्रत्येकाच्या अंगात आलेलं. पाणी कुठून आलं? तळ्यातून. तळं का फुगलं? काठावर अतिक्रमण आहे म्हणून. कुणाचं? तेवढ्यात कुणीतरी आमची फिल्म टाकली. खाली लिहिलं होतं, 'लहान मुलांनाही दिसतं ते सरकारला दिसत नाही.' टाळ्यांचे हात, अंगठे, फुलं यांचा वर्षाव झाला. सहाव्या मजल्यावरच्या काकांनी खास माझं नाव घेऊन अभिनंदन केलं. मी उत्तरादाखल जोडलेले दोन हात पाठवले. गुडघाभर पाण्यातून जिना चढून आले होते, दमले होते, कौतुक बरं वाटलं. नंतर कळलं की सोसायटीनं वर जो अर्ज पाठवला, त्याला ती फिल्म जोडली होती.

तमिळ कार्तिक महिन्यात, इथल्या दिव्यांच्या सणाआधी, सरकारी माणसं आली आणि काठावरच्या दारांवर लाल रंगानं आकडे घालून गेली. कयलच्या दारावर एकतीस. ती वर्गात येऊन मला सांगायला लागली, 'मिस, आमच्या दारावर पण लाल खूण केली,' तेव्हा तिच्या आवाजात भीती नव्हती. तिला वाटलं, हे माझ्याच धड्यातलं पुढचं काहीतरी आहे.

मी धावाधाव केली, पण ती सगळी बैल गेला नि झोपा केला यातली. प्रिन्सिपल मॅडमना सांगून फिल्म काढायला लावली. त्या बिचाऱ्यांनी काढली. पण ती कितीजणांच्या फोनमध्ये गेली होती, कोण मोजणार. सोसायटीच्या ग्रुपवर मी ते ढगांचं चित्र टाकलं आणि लिहिलं, आपल्या इमारतीही तळ्यातच आहेत. काकांनी लिहिलं, 'मॅडम, यात तर ढगच दिसतात. आपल्याकडे सगळ्या परवानग्या आहेत.' नंतर कुणीतरी पाण्याच्या टँकरची वेळ विचारली आणि विषय खाली खाली जात दिसेनासा झाला.

अतिक्रमणं हटवणाऱ्या सरकारी ऑफिसातही गेले. तिथला माणूस चांगला होता, हेच वाईट झालं. खेकसला असता तर मी भांडले असते. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, चित्र पाहिलं, फोन परत दिला आणि म्हणाला, 'मॅडम, उगाच जिवाला लावून घेऊ नका. यादी फार जुनी आहे. तुमच्या व्हिडिओचा याच्याशी काही संबंध नाही.' हे खरं असेल. सांत्वन म्हणूनही बोलला असेल. कुणाला विचारू? ते माझ्यामुळे झालं म्हणून मला रडता येत नाही आणि माझ्यामुळे नाही म्हणून सुटताही येत नाही. चार वर्षं मी त्या खुर्चीवरच बसलेली आहे.

घरी आले ती थेट अंबुजाक्कांकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन कॉफी करून आणली. 'कापी पी, मग रड,' म्हणाल्या. मी म्हटलं, 'अक्का, तुम्ही चाळीस वर्षं शिकवलंत. कधी असं झालं?' 'चुकतें गे सगळ्यांचें,' त्या म्हणाल्या. 'मी एकदां फळ्यावर सबंध लढाईच उलटी लिहिली होती. पण घंटा झाली कीं पुसलें. फळा पुसतां येतो. हें तुझें कसें पुसशील?' मला हात दाखवून अवलक्षण ही म्हण लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा कळलं की इथे हात दाखवला मी आणि अवलक्षण झालं ते दुसऱ्याच घरी.

घरं एका सकाळी पाडली. मी शाळेत होते. कयल आली नव्हती. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर पत्रे नव्हते, आणि तळं मोठं दिसत होतं. फिल्म बघून सगळ्यांना हवं होतं तसंच.

शहराबाहेर, दोन बस बदलून जावं लागतं अशा जागी त्यांना घरं मिळाली. कयल सुरुवातीला यायची. पहाटे निघायची, दुसऱ्या तासाला पोहोचायची, बाकावर डोकं टेकून झोपायची. रिबिनी नसायच्या. मी तिला उठवत नसे. हा एवढाच न्याय माझ्या हातात होता. अम्माची कामं सुटली. मग कयलचंही येणं तुटलं. पोंगलच्या सुट्टीनंतर हजेरीत तिचं नाव मी पुकारायची आणि वर्ग गप्प राहायचा. महिनाभरानं पुकारणंही थांबवलं.

मी एकदा गेले होते तिकडे. एका रविवारी, मिठाईचा पुडा घेऊन, पाहुण्यासारखी. ओळीनं एकसारख्या इमारती, एकसारखी दारं. घर पक्कं होतं, पंखा होता, हे मी खोटं सांगणार नाही. अम्मानं चटई टाकली. कयल उंच झाली होती आणि कमी बोलत होती. जवळच्या शाळेत नाव घातलंय म्हणाली, पण दप्तर कुठे दिसलं नाही. मी फोन काढला आणि म्हटलं, 'दाखव बरं, नकाशात तुझं हे घर कुठलं?' सवय, दुसरं काय! तिनं नकाशा जवळ आणला, सरकवला, पुन्हा सरकवला. पांढऱ्या गच्च्यांच्या रांगाच रांगा. 'वरून कळत नाही, मिस,' ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात परत दिला.

निघताना मला वाटलं, दोघींचा एक फोटो घ्यावा. काही नाही, माझ्याजवळ असावा म्हणून. फोन वर केला तशी अम्मा पटकन पुढे आली आणि तिनं तळवा कयलच्या चेहऱ्यासमोर धरला. 'वेण्डाम, मिस,' म्हणाली. नको. रागावून नाही. गरम तव्याकडे जाणारा मुलीचा हात धरावा तसं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि परतीची बस पकडली. नंतर त्यांचा नंबर बदलला. नवा मी मागितला नव्हता.

तर आज. बाहेर तोच पाऊस, पडद्यावर अडतीस चौकोन, बहुतेक काळे, त्यांत नुसती नावं. या चौकोनांतली मुलं निम्मी आमच्याच सोसायटीतली. मी तळ्याचं चित्र उघडलं. आता ते फार सुंदर दिसतं : निळं पाणी, काठानं चालायची वाट, बाकं. मी रोज सकाळी तिथे चार फेऱ्या मारते. एकतीस नंबर कुठे होता ते मला पावलांनी माहीत आहे. तिथे आता कचऱ्याचा डबा आहे, मोराच्या आकाराचा.

पट्टी थोडी मागे ओढली. पत्रे आले. टायर आले. निळी ताडपत्री आली.

'मिस, इथे घरं होती?' अनन्या नावाच्या मुलीनं विचारलं. 'ती माणसं कुठे गेली?'

एरवी मी इथून पुढे पर्जन्यमापनाकडे जाते. आज का कोण जाणे, गेले नाही. मी सांगितलं. या निळ्या ताडपत्रीखाली माझ्या वर्गातली एक मुलगी राहायची. तिचं नाव कयल. तिला तिथून उठवलं, आणि का, तर तळ्यात घर होतं म्हणून. आणि आपण ज्या इमारतींत आत्ता बसलो आहोत, त्यांच्या जागीही तळंच होतं. आपल्याला कुणी उठवलं नाही.

'दाखवा ना, मिस.'

मी पट्टी आणखी मागे ओढली. ते जुनं चित्र आलं. मुलांच्या हातातल्या लहान लहान फोनवर.

'ढगच आहेत, मिस.'

'ढगांखाली आहे,' मी म्हणाले. बाजूच्या चॅटच्या पट्टीत एक ओळ उमटली. अनन्याचीच. हुशार मुलगी आहे, मी शिकवलेलं विसरत नाही. तिनं लिहिलं होतं : सोर्स, मिस?

माझ्याकडे काय होतं? फिल्म पुसून टाकलेली. फोटो घेतलेला नाही. फोन नंबर बदललेला. अक्कांचा आरसा कधीच फुटला. मी लिहिलं, 'मी स्वतः पाहिलं आहे. कोण सांगतंय त्यापुढे लिहा, मिस सांगतात.'

खाली तळघराचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. तिचा चौकोन उजळला आणि तिनं अगदी नम्रपणे विचारलं, 'पण मिस, नुसतं मिस सांगतात हे चालतं का?'

'नाही,' मी म्हणाले. 'चालत नाही.'